मूत्रपिंडविकारांविषयीची आस्था आणि इंटरनेटवरील शोधांचा आलेख : जनजागृतीची आखणी करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मूत्रपिंडांच्या आरोग्यासाठी कार्यक्रम आखणाऱ्या संस्था, सार्वजनिक आरोग्य यंत्रणा आणि इंटरनेटवरील शोधांच्या विदेवर (म्हणजे डेटावर) अभ्यास करणारे संशोधक यांस,

सविनय नमस्कार.

मूत्रपिंडांच्या आजारांविषयी समाजात किती जागरूकता आहे हे ठरवण्यासाठी आपण अलीकडे इंटरनेटवरील शोधांच्या विदेचा आधार घेऊ लागला आहात. मोहिमेचा अहवाल असो वा शोधनिबंध, ‘किडनी’, ‘डायलिसिस’ अशा शब्दांचा शोध कोणत्या महिन्यात किती झाला याचा गूगल ट्रेंड्सवरून घेतलेला आलेख त्यात असतो. आलेख जिथे चढलेला दिसतो तिथे लोकांची आस्था वाढली, जिथे सपाट दिसतो तिथे ती नाही, असे मानून पुढची आखणी होते. ही विदा फुकट मिळते, ताबडतोब मिळते आणि जानेवारी २००४ पासूनची मिळते. सर्वेक्षणाला लागणारा वेळ आणि पैसा पाहता तिची ओढ वाटणे मी समजू शकते. तिचा उपयोगच करू नये असे मी म्हणत नाही. मूत्रपिंडविकारांच्या बाबतीत लोकांना काय विचारायचे आहे हे ही विदा चांगले सांगते, परंतु आजार कुठे आहे आणि त्याची जाणीव किती जणांना आहे हे सांगण्याच्या कामी ती फार कच्ची आहे, आणि आपण मात्र तिच्याकडून बहुतेक वेळा हे दुसरेच काम करून घेत आहात, एवढेच मला सांगायचे आहे.

हे आताच लिहिण्याला कारण आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडांच्या आरोग्याविषयीचा ठराव संमत केला. आता देशोदेशीच्या यंत्रणा आपापले कार्यक्रम बांधतील आणि ते यशस्वी झाले की नाही हे दाखवणारे मापदंड शोधतील. हाताशी असलेला स्वस्त मापदंड एकदा अहवालांत शिरला की तो पुढे वर्षानुवर्षे तसाच चालत राहतो.

आधी या आजाराचा स्वभाव लक्षात घ्यावा. मूत्रपिंडांच्या रचनेत किंवा कार्यात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला बिघाड म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकार. व्यवहारात तो दोन तपासण्यांवरून ओळखला जातो. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज, म्हणजे ई-जीएफआर, ६० च्या खाली असणे ही एक खूण, आणि लघवीवाटे अल्ब्युमिन हे प्रथिन मर्यादेपेक्षा जास्त जाणे ही दुसरी. यांतली कोणतीही गोष्ट माणसाला आतून जाणवत नाही. गाळणक्षमता निम्म्यावर आलेला माणूस रोजची कामे नेहमीसारखी करत असतो. सूज, मळमळ, खाज, धाप ही लक्षणे बहुधा फार उशिरा येतात. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ८५ कोटी लोकांना मूत्रपिंडाचा कोणता ना कोणता विकार आहे, आणि अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या अंदाजानुसार दीर्घकालीन विकार असलेल्या दर १० प्रौढांपैकी सुमारे ९ जणांना आपल्याला तो असल्याचे ठाऊकच नसते. जो माणूस स्वतःला निरोगी समजतो, तो शोधाच्या चौकटीत काय टाइप करणार? ज्यांच्यासाठी आपले कार्यक्रम आहेत त्यांतले बहुसंख्य लोक या आलेखात रुग्ण म्हणून उमटूच शकत नाहीत.

मुतखड्याचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये मुतखड्याविषयीच्या शोधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऋतूंप्रमाणे आणि प्रदेशांप्रमाणे शोधांत होणारे चढउतार त्या आजाराच्या प्रत्यक्ष चढउतारांशी बऱ्यापैकी जुळतात, उन्हाळ्यात शोध वाढतात आणि हिवाळ्यात घटतात, असे त्यात दिसले. यात आश्चर्य नाही. खडा मूत्रनलिकेत अडकला की कळ अशी येते की माणूस त्याच रात्री फोन हातात घेतो. वेदना, शोध आणि आजार या तिन्ही गोष्टी तिथे काही तासांच्या आत घडतात, म्हणून शोध हे आजाराचे बरे प्रतिबिंब ठरते. हाच अभ्यास पुढे करून ‘मूत्रपिंडांच्या आजारांत शोधविदा विश्वसनीय आहे’ असे सरसकट म्हटले जाते तेव्हा दुखणाऱ्या आजाराचा पुरावा न दुखणाऱ्या आजाराला लावला जातो. दोन्ही आजार एकाच अवयवाचे आहेत, यापलीकडे या दाव्याला आधार नाही.

आता खुद्द आलेखातल्या आकड्यांकडे वळू. गूगल ट्रेंड्स शोधांची संख्या देत नाही. निवडलेल्या प्रदेशात आणि काळात झालेल्या सर्व शोधांपैकी त्या शब्दाच्या शोधांचे प्रमाण काढले जाते, ते प्रमाण ज्या क्षणी सर्वाधिक होते त्या क्षणाला १०० मानले जाते आणि बाकीचे सारे त्याच्या तुलनेत मांडले जाते. म्हणजे ५० चा अर्थ ‘निम्म्या लोकांना आस्था आहे’ असा नाही, ‘हजारांचे पाचशे झाले’ असाही नाही. दोन प्रदेशांचे आलेख वेगवेगळे काढून शेजारी ठेवले तर दोन्हींकडे शिखर १०० च दिसेल, मग एकीकडे प्रत्यक्ष शोध दुसरीकडच्या शंभरपट का असेनात. जिथे शोध फार थोडे आहेत तिथे शून्य दाखवले जाते. अहवालांत या शून्याचे रूपांतर ‘या भागात जागरूकता नाही’ या वाक्यात होताना मी पाहिले आहे, आणि मला तो केवळ तांत्रिक दोष वाटत नाही, कारण अशा वाक्यांच्या आधारे निधीची वाटणी होते.

छेदातल्या संख्येचा, म्हणजे एकूण शोधांचा, प्रश्न तर त्याहून अवघड आहे. २००४ साली इंटरनेट वापरणारा माणूस आणि आजचा माणूस यांत फार अंतर आहे. तेव्हाच्या शोधांत विद्यार्थी, संशोधक आणि कार्यालयांत काम करणारे यांचा वाटा मोठा होता. आज लहानथोर सगळे मनोरंजन, खरेदी, खेळ आणि रस्ते यांसाठी शोध घेतात. एकूण शोध एवढे वाढल्यावर मूत्रपिंडाविषयीचे शोध प्रत्यक्षात दुप्पट झाले तरी त्यांचे प्रमाण घटू शकते आणि आलेख वर्षानुवर्षे उतरता दिसू शकतो. अशा उतरत्या रेषेवरून ‘लोकांची आस्था ओसरत आहे’ असे लिहिणे म्हणजे न मोजलेली गोष्ट मोजल्यासारखी सांगणे होय. शिवाय विदा गोळा करण्याची पद्धत मध्येच बदलल्याच्या टिपा खुद्द गूगल आपल्या आलेखांवर देते. २०११, २०१६ आणि २०२२ च्या आरंभी तशा खुणा आहेत. आकडे नमुन्यावरून काढलेले असल्यामुळे तीच विनंती दुसऱ्या दिवशी पुन्हा केली तर उत्तर थोडे वेगळे येते. मोठ्या देशाच्या, रोजच्या शब्दांच्या बाबतीत हा फरक किरकोळ असतो. छोट्या प्रदेशात, दुर्मीळ शब्दाच्या बाबतीत त्याच्यामुळे निष्कर्षच फिरू शकतो. एकदाच उतरवून घेतलेल्या विदेवर अख्खा शोधनिबंध उभा करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

शब्दांची निवड हा यापुढचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, भाग आहे. इंग्रजीत ‘सीकेडी’ हे दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे संक्षिप्त रूप आहे, तसेच ते सुटे भाग आणून जोडल्या जाणाऱ्या मोटारींच्या व्यवहारातलेही आहे. वाहनउद्योगातली एखादी बातमी हा आलेख हलवू शकते. ‘किडनी’ या शब्दाबरोबर ‘किडनी बीन्स’ म्हणजे राजमा शोधणारेही मोजले जातात. ‘क्रिएटिनिन’ आणि व्यायाम करणाऱ्यांमध्ये प्रचलित असलेले ‘क्रिएटीन’ यांच्या स्पेलिंगमध्ये लोकांची नेहमी गल्लत होते. ट्रेंड्समध्ये एखादा शब्द ‘शोधसंज्ञा’ म्हणून निवडला तर तो नेमका शब्दच मोजला जातो, आणि ‘विषय’ म्हणून निवडला तर वेगवेगळ्या भाषांतले, वेगवेगळ्या स्पेलिंगचे संबंधित शोध एकत्र धरले जातात; दोन्ही निवडींतून निघणारे आलेख एकमेकांशी जुळतीलच असे नाही. त्यातून, लोक आपली भाषा कधी तिच्या लिपीत, कधी रोमन अक्षरांत, कधी फोनला बोलून शोधतात. ‘मूत्रपिंड’ हा शब्द घेऊन मराठीतली आस्था मोजायला निघालेल्याला फारसे काही सापडणार नाही, कारण माणसे ‘किडनी’ म्हणतात. आणि आजाराचे नाव ज्यांना माहीत नाही ती माणसे नावाने शोधतच नाहीत. ती ‘लघवीला फेस येतो’, ‘पायावर सूज का येते’, ‘रात्री सारखी लघवी’ असे शोधतात. अर्थात पायांवरची सूज हृदयविकारातही येते आणि रात्रीची लघवी मधुमेहातही वाढते, म्हणून लक्षणांचे शब्द घेतले की विदा रुंदावते तशी गढूळही होते. यावर सोपा उपाय नाही. निदान आपण कोणते शब्द घेतले, कोणते वगळले, कोणता प्रदेश, कोणता काळ, कोणत्या दिवशी विदा उतरवली, हे सर्व लिहिणे तरी आपल्या हातात आहे. आरोग्यसंशोधनातील गूगल ट्रेंड्सच्या वापराचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७० अभ्यास तपासले गेले. शोधाची पद्धत पूर्णपणे नोंदवलेली असल्यामुळे दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतील असे अभ्यास त्यांत अवघे ७ टक्के निघाले.

फ्लूच्या बाबतीत काय झाले हे आपणांस ठाऊक आहे, तरी ते इथे नोंदवते. २००८ मध्ये सुरू झालेल्या गूगल फ्लू ट्रेंड्सने शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज डॉक्टरांच्या नोंदींच्या आधी देण्याचा प्रयत्न केला. सुरुवातीचे निकाल इतके चांगले होते की ही पद्धत आता सर्वत्र लागू होईल असे वाटू लागले. पुढे २०१४ च्या विश्लेषणात दिसले की ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवड्यांत तिने फ्लूचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्त दिला होता. बातम्यांमुळे निरोगी लोकही शोध घेत होते आणि खुद्द शोधयंत्रणा सतत बदलत होती, अशी कारणे अभ्यासकांनी मांडली. २०१५ मध्ये हा उपक्रम बंद झाला. फ्लूची लक्षणे स्पष्ट असतात, रुग्ण काही दिवसांत डॉक्टरांकडे जातो आणि पडताळणीसाठी दर आठवड्याची आकडेवारी उपलब्ध असते. एवढ्या अनुकूल परिस्थितीत जे डळमळले ते वर्षानुवर्षे मुकाट राहणाऱ्या आजारात, पडताळणीवाचून, कसे टिकेल?

जागतिक मूत्रपिंड दिनाचा आलेख हा आपल्या अहवालांतला सर्वांत आवडता आलेख आहे, म्हणून त्याविषयी थोडे स्पष्ट बोलते. २००६ पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी हा दिवस पाळला जातो. त्या आठवड्यात संबंधित शब्दांचे शोध वाढलेले दाखवले जातात आणि मोहीम पोहोचली असे म्हटले जाते. पण त्या आठवड्यात शोध घेणारे कोण? भित्तिपत्रके करणारे विद्यार्थी, बातमी लिहिणारे पत्रकार, भाषणाची तयारी करणारे डॉक्टर, चित्रे आणि घोषवाक्ये शोधणारे कार्यकर्ते, म्हणजे बऱ्याच अंशी आपणच. ‘जागतिक मूत्रपिंड दिन’ हा शब्दसमूह घेऊन काढलेला आलेख त्या दिवशी उसळणारच. त्यातून दिनाची जाहिरात किती झाली एवढेच समजते. खरा प्रश्न असा की ‘क्रिएटिनिन तपासणी’, ‘लघवीतील प्रथिने’ असले कृतीकडे नेणारे शोध वाढले का, आणि वाढले असल्यास ते एप्रिलमध्ये, मे महिन्यात कुठे होते. कर्करोगाच्या जनजागृती महिन्यांचा असा एक अभ्यास २०११ मध्ये झाला : स्तनांच्या कर्करोगाच्या महिन्यात शोध ठळकपणे वाढले, फुप्फुसांच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगांच्या महिन्यांत तशी वाढ दिसली नाही. शोधविदेचा हा रास्त उपयोग आहे, कारण एकाच मापाने तीन मोहिमांची तुलना केली आणि ‘वाढ नाही’ हे उत्तरही छापले. आपल्या क्षेत्रात ‘वाढ नाही’ असे उत्तर आलेल्या मोहिमा कधी प्रसिद्ध होतात का, याचा शोध आपणच घ्यावा.

एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या आजाराची बातमी आली की जो उसळीचा आलेख दिसतो, त्याबद्दलही सावध राहावे. सेलेना गोमेझ या गायिकेने सप्टेंबर २०१७ मध्ये आपले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाल्याचे जाहीर केले, तेव्हा तो विषय जगभर बोलला गेला. अशा बातमीमुळे जागी झालेली आस्था खरी असते, पण ती गरज असलेल्यांपर्यंत पोहोचतेच असे नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा दुसऱ्या आजारातला, स्तनांच्या कर्करोगातला, आहे. मे २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी आपल्या जनुकीय तपासणीविषयी लेख लिहिला. अमेरिकेत पुढच्या १५ कामकाजी दिवसांत त्या तपासण्यांचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी वाढल्याचे २०१६ च्या एका अभ्यासात दिसले, परंतु स्तन काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे एकूण प्रमाण वाढले नाही आणि तपासणी केलेल्यांमध्ये तर ते घटले. याचा अर्थ, नव्याने तपासणीला आलेल्यांत कमी जोखमीच्या स्त्रिया जास्त होत्या, असा अभ्यासकांनी लावला. तपासण्यांच्या आणि शस्त्रक्रियांच्या प्रत्यक्ष नोंदी हाताशी होत्या म्हणूनच हे समजले. केवळ शोधांचा आलेख असता तर मोठे यश म्हणून टाळ्या पडल्या असत्या.

आलेखात जे कधीच येत नाहीत त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेट वापरत नाहीत. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे प्रमाण वयाबरोबर वाढते, आणि वयस्कर, गरीब, कमी शिकलेले लोकच इंटरनेटपासून अधिक दूर असतात. मध्य अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे जगाला कसे कळले? एल साल्वादोरमधील डॉक्टरांनी डायलिसिसची गरज असलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांतल्या पुष्कळ जणांत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब ही नेहमीची कारणे नाहीत हे त्यांना दिसले, आणि २००२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. तिथे शोधांचा आलेख पाहून कोणी निर्णय घेतला असता तर त्या मजुरांचा प्रदेश शून्यावर दिसला असता. रणरणत्या उन्हात दिवसभर ऊस तोडणाऱ्या आणि आपल्याला काही झाले आहे हे ठाऊक नसलेल्या तरुणाच्या नावे त्या आलेखात एक ठिपकाही पडला नसता. जिथे विदा रिकामी आहे तिथे आधी माणसे पाठवावीत, निधी कापू नये, ही माझी आपणांस पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

मग ही विदा वापरावी कशासाठी? प्रश्न ऐकण्यासाठी. तपासणीचे अहवाल लोकांना समजावून सांगणे हे माझे काम आहे, आणि इथे शोधविदा जे देते ते दुसरे कोणतेही सर्वेक्षण देत नाही असे मला मनापासून वाटते. प्रश्नावलीला उत्तर देताना माणूस जपून बोलतो. शोधाच्या चौकटीत तो मनातले लिहितो. ‘क्रिएटिनिन किती असावे’, ‘क्रिएटिनिन कमी करण्याचे उपाय’, ‘एक किडनी असली तर चालते का’, ‘डायलिसिस एकदा सुरू झाले की थांबते का’, ‘डायलिसिसवर माणूस किती वर्षे जगतो’. या प्रश्नांच्या क्रमात आजाराची अवस्था वाचता येते. पहिला प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात नुकताच अहवाल पडला आहे. शेवटचा विचारणारा बहुधा रुग्ण नसून रुग्णाचा मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी आहे.

पहिल्याच प्रश्नाचे घ्या. साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या अहवालात क्रिएटिनिन १.२ आले आहे असे समजा. ती शोध घेते, आणि ‘साधारण मर्यादा ०.६ ते १.२’ अशा धर्तीचे उत्तर सर्वांत वर येते. तिचा आकडा मर्यादेत बसतो, ती निश्चिंत होते आणि अहवाल कपाटात जातो. परंतु क्रिएटिनिन स्नायूंच्या वस्तुमानावर अवलंबून असते, म्हणून त्याचा अर्थ वय आणि लिंग विचारात घेतल्याशिवाय लागत नाही. २०२१ च्या सुधारित सूत्राने हिशेब केला तर पंचवीस वर्षांच्या पुरुषात १.२ म्हणजे ई-जीएफआर सुमारे ८६ येतो, आणि या साठ वर्षांच्या स्त्रीत तोच १.२ म्हणजे सुमारे ५२. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून तो ६० च्या खालीच राहिला तर तिला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आहे. आजार हाती लागण्याचा जो एकमेव क्षण होता तो एका ढोबळ उत्तराने निसटला, आणि आलेखावर मात्र तिचा शोध ‘आस्था’ म्हणून नोंदला गेला. तिला हवे होते ते एक वाक्य : वय आणि लिंग सांगा, ई-जीएफआर पाहा, आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. हे वाक्य त्या प्रश्नाच्या उत्तरात, सर्वांत वर, लोकांच्या भाषेत दिसेल अशी व्यवस्था करणे हे माझ्या दृष्टीने एखाद्या मोठ्या सभेपेक्षा अधिक मोलाचे काम आहे.

दुसऱ्या प्रश्नामागे धोका जास्त आहे. ‘क्रिएटिनिन कमी करण्याचे उपाय’ शोधणाऱ्याला मूत्रपिंडे ‘साफ’ करण्याचा दावा करणारी मिश्रणे आणि काढे लगेच सापडतात. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूत किती महाग पडू शकते हे १९९३ मध्ये बेल्जियममधून पुढे आलेल्या अहवालाने दाखवले होते : वजन घटवण्यासाठी वनौषधींच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली आणि त्यामागे अॅरिस्टोलोकिया या वनस्पतीतील घटक असल्याचे पुढे सिद्ध झाले. पथ्याच्या बाबतीतही असेच घडते. डायलिसिसवरच्या रुग्णासाठी लिहिलेले पाण्याचे आणि पोटॅशियमचे निर्बंध आजाराच्या पहिल्या पायरीवरचा माणूस वाचतो आणि विनाकारण पाळू लागतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या भाषेत, कोणत्या उपायाचा शोध अचानक वाढला हे शोधविदेतून वेळेवर कळू शकते, आणि घातक उपायाची लाट आली असेल तर यंत्रणेला आठवड्याभरात इशारा देता येतो. हा उपयोग मी अहवालांत क्वचितच पाहिला आहे.

आलेख वापरायचाच असेल तर तो एकटा छापू नये. त्याच प्रदेशातील, त्याच काळातील ई-जीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन या तपासण्यांची संख्या त्याच्या खाली द्यावी. विशेषतः अल्ब्युमिनची, कारण मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्यांमध्येही ती पुष्कळदा राहून जाते. शोध वाढले आणि तपासण्या वाढल्या नाहीत, तर लोकांनी विचारले पण त्यांना वाट सापडली नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि ती चूक लोकांची नाही. विकिपीडियाच्या पानांच्या भेटींची आकडेवारी जुलै २०१५ पासून खुली आहे आणि ती सापेक्ष नसून प्रत्यक्ष संख्येत मिळते, म्हणून तिच्याशीही ताळा करून पाहावा. २०२४ पासून शोधयंत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे निकालांच्या वर देऊ लागली आहेत, आणि पुष्कळ लोक शोध न घेता थेट संवाद-प्रणालींना प्रश्न विचारू लागले आहेत. यापुढे शोधांची रेषा घसरली तर ती आस्थेची घसरण म्हणून वाचण्यापूर्वी हा बदल मोजणीत धरावा लागेल.

आणखी एक गोष्ट. अधिक बारीक विदा हवी म्हणून काही जण व्यक्तिगत पातळीवरील शोधनोंदींची मागणी करतात. एओएल या कंपनीने २००६ मध्ये सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावे काढून संशोधनासाठी खुले केले, तेव्हा केवळ शोधांच्या मजकुरावरून काही दिवसांत माणूस ओळखता आला होता. ‘डायलिसिसवर माणूस किती वर्षे जगतो’ असे रात्री एकट्याने विचारणाऱ्याने तो प्रश्न कोणालाही सांगितलेला नसतो. त्याच्या परवानगीवाचून, रुग्णांच्या प्रतिनिधींना विचारल्यावाचून, अशी विदा मागू नये आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नये.

आज या साऱ्याला दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे, कारण लवकर सापडलेल्या आजारावर करता येण्यासारखे आता पुष्कळ आहे. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवण्याच्या जोडीला, मूळची मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी-२ गटातील औषधे मधुमेह नसलेल्या रुग्णांतही मूत्रपिंडांची घसरण मंदावतात, हे २०२० पासूनच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. त्या औषधांचा लाभ ज्यांना सर्वांत जास्त होईल ते आज काहीच शोधत नसलेले लोक आहेत.

तेव्हा पुढच्या मार्चच्या अहवालासाठी माझी विनंती अशी की मूत्रपिंड दिनाच्या आठवड्यातल्या शिखराचा आलेख देताना त्यानंतरचे तीन महिनेही दाखवावेत, शोधशब्दांची पूर्ण यादी आणि विदा उतरवल्याची तारीख जोडावी, आणि ज्या प्रदेशांची विदा शून्य आली त्या प्रत्येकात किती लोकांचे रक्त व लघवी प्रत्यक्ष तपासली गेली हा आकडा त्याच पानावर छापावा. तपासणी झालीच नसेल तर तसे लिहावे, आणि पुढच्या वर्षीच्या कामाची सुरुवात त्याच प्रदेशांतून करावी.

आपली विश्वासू,
तपासणी अहवाल समजावून सांगण्याचे काम करणारी एक रुग्णशिक्षिका